घड्याळ, चिमटा आणि हातमोजे

'टाटाला दाखवलंय.' ठाणे, कळवा, भिवंडी, डोंबिवली या पट्ट्यात एखाद्या घरातून एवढे दोन शब्द ऐकू आले, की ऐकणारा पुढे फारसे विचारत नाही. रोगाचे नाव उच्चारावेच लागत नाही. रुग्णालयाचे नाव हेच रोगाचे नाव होऊन बसले आहे. बाळकुमहून कापूरबावडी, तिथून ठाणे स्टेशन, मग धिमी लोकल आणि परळ ही वाट इथल्या कितीतरी कुटुंबांना पाठ आहे. हातात फायली आणि एक्स-रेचे मोठे पाकीट, पिशवीत डबा, आणि आजाऱ्याला धरून चालायला घरातले कोणीतरी.

२०२३ मध्ये बाळकुमलाच कर्करोग रुग्णालयाची पायाभरणी झाली. अशा वेळी चर्चा होते ती खाटांची, यंत्रांची आणि खर्चाची. मोठे डॉक्टर कोण येणार याचीही होते. त्या खाटांपाशी चोवीस तास उभे कोण राहणार, आणि त्या माणसाला काय काय ठाऊक असावे लागेल, हा प्रश्न सहसा कोणी काढत नाही. 'मार्क कमी पडले तर नर्सिंगला जा' असे आपण शिक्षकसुद्धा दहावी-बारावीच्या मुलींना सहज सांगून टाकतो. तो सल्ला किती अडाणीपणाचा आहे हे कर्करोग-शुश्रूषेचा इतिहास पाहिला की कळते. त्या इतिहासात भौतिकशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे, पेशीविज्ञान आहे. आणि त्यातले बरेचसे नियम कोणाच्या तरी हाताला, रक्ताला किंवा जिवाला इजा झाल्यावर लिहिले गेले आहेत.

दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने परळला कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. (हीच तारीख आपण शाळांतून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरी करतो. ती रामन परिणामासाठी. हा निव्वळ योगायोग.) सुरुवातीला खाटा ८० होत्या. त्या वेळी कर्करोगावर उपाय दोनच होते, शस्त्रक्रिया आणि किरण. ज्या रोगाने मेहेरबाई गेल्या त्यावर तर उपयोगी पडेल असे एकही औषध जगात नव्हते.

मुंबईत परिचारिकांचे शिक्षण तेव्हा नवे नव्हते. जे. जे. रुग्णालयात १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या शिक्षणासाठी आल्या. त्या रीतसर शिक्षण घेणाऱ्या पहिल्या भारतीय परिचारिका मानल्या जातात. म्हणजे टाटा रुग्णालय सुरू झाले तेव्हा शहराला अशा शिक्षणाचा पन्नास वर्षांचा अनुभव होता. पण त्या शिक्षणाचा सगळा रोख जंतूंवर होता. नाईटिंगेलबाईंनी घालून दिलेली स्वच्छता, मोकळी हवा, उजेड, उकळलेली उपकरणे आणि धुतलेले हात यावर ती शुश्रूषा उभी होती. पटकी, देवी, क्षय, बाळंतरोग यांच्याशी गाठ असताना ते योग्यच होते. या परिचारिकेला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की रोग्याकडून आपल्याकडे काही आले तर ते जंतूंच्या रूपाने येते, आणि साबण-पाण्याने ते थोपवता येते.

कर्करोगाच्या रुग्णालयात हे ज्ञान अपुरे पडले. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही, तेव्हा रोग्याची भीती नव्हती. रोग्यावर चाललेल्या उपचाराची मात्र होती.

मेरी आणि पिएर क्युरी यांनी रेडियम शोधले ते १८९८ मध्ये. पुढच्या काही वर्षांतच ते कर्करोगावर वापरले जाऊ लागले. काही मिलिग्रॅम रेडियमचा क्षार प्लॅटिनमच्या बारीक सुईत किंवा नळीत बंद करायचा आणि ती सुई गाठीतच खोचायची, ही त्याची रीत. जिभेचा, गालाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग असेल तर या सुया वा नळ्या दोन-तीन दिवसांपासून आठवडाभरापर्यंत रोग्याच्या शरीरात राहत. डॉक्टर त्या बसवून निघून जात. पुढचे दिवस रोग्याला पुसून काढणे, भरवणे, भांडे देणे, चादर बदलणे ही कामे परिचारिकेची. बसवण्याआधी सुया मोजून मांडणे, काढल्यावर धुऊन पुन्हा मोजणे हेही बहुधा तिच्याचकडे.

आता थोडे गणित करू. आठवी-नववीच्या वर्गातही ते करता येईल. प्लॅटिनमच्या नळीतील १ मिलिग्रॅम रेडियमपासून १ सेंटिमीटर अंतरावर तासाला साधारण ८.२५ रॉन्टजेन एवढे गॅमा किरण मिळतात. रोग्याच्या शरीरात ५० मिलिग्रॅम रेडियम आहे असे धरा. १ सेंटिमीटरवर झाले तासाला सुमारे ४१२ रॉन्टजेन. किरणांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणून अर्ध्या मीटरवर, म्हणजे ५० सेंटिमीटरवर, ४१२ भागिले २५००. हे होतात तासाला ०.१६५ रॉन्टजेन. रोग्याच्या शरीरात काही किरण अडतात तो हिशेब तूर्त सोडून देऊ.

१९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने काम करणाऱ्यांसाठी सुचवलेली मर्यादा होती दिवसाला ०.२ रॉन्टजेन. खाटेशी अर्ध्या मीटरवर वाकून काम करणाऱ्या परिचारिकेची ही मर्यादा सव्वा तासात संपते. तीच बाई दोन मीटरवर उभी राहिली तर अंतर चौपट, किरण सोळाव्या हिश्शावर, आणि तेवढीच मर्यादा गाठायला एकोणीस तास लागतात. रोग्याशी बोलायचे असेल तर दारातून बोला, जवळ जाऊन करायची सगळी तयारी बाहेर करून घ्या, एकाच परिचारिकेला रोज त्या खोलीत पाठवू नका, हे नियम या भागाकारातून आले. वरवर पाहता ही परिचारिका तुसडी वाटते. वेदनेने तळमळणाऱ्या बाईचा हात धरून बसायचे सोडून ती दाराशी उभी राहते. रोग्याला याचे कारण आधीच समजावून सांगणे हाही मग तिच्या कामाचा भाग झाला.

अंतर आणि वेळ यांच्या जोडीला तिसरे तत्त्व म्हणजे आडोसा. इथे एक गैरसमज हटकून होतो. एक्स-रेच्या खोलीत घालतात तो शिशाचा एप्रन इथेही चालेल असे वाटते. क्ष-किरणचित्र काढताना वापरतात ते किरण कमी ऊर्जेचे, म्हणून अर्ध्या मिलिमीटरच्या शिशाने बरेचसे अडतात. रेडियमचे गॅमा किरण निम्मे करायलासुद्धा सेंटिमीटरभराहून अधिक जाड शिसे लागते. एप्रन घालून परिचारिका फक्त अवघडते आणि काम संथ झाल्याने उलट जास्त किरण खाते. तिच्या उपयोगाचा होता तो लांब दांड्याचा चिमटा. बोटांत धरलेली सुई त्वचेपासून जेमतेम सेंटिमीटरभर असते. तीच ३० सेंटिमीटरच्या चिमट्यात धरली तर बोटांना पोचणारे किरण नऊशेपटींनी कमी होतात. रेडियमच्या पहिल्या पिढीत बोटांच्या त्वचेवर भाजल्याच्या आणि न भरणाऱ्या जखमांच्या खुणा घेऊन वावरणारी माणसे कमी नव्हती. आधी बोटे भाजली, चिमटा मागून आला.

मोजणीचे महत्त्वही असेच कळले. काडीपेटीच्या काडीहून बारीक असलेली सुई रोग्याच्या तोंडातून निसटून पट्टीबरोबर केराच्या बादलीत किंवा चादरीबरोबर धोब्याकडे जाऊ शकते. अमेरिकेतील रुग्णालयांनी हरवलेले रेडियम शोधण्यासाठी विद्युतदर्शक घेऊन गटारे आणि कचऱ्याचे ढीग धुंडाळल्याच्या हकिकती आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेत सोनेरी पानांचा विद्युतदर्शक असतो ना, त्याच तत्त्वाचे उपकरण: किरणांमुळे हवा आयनीभूत होते आणि पाने मिटतात. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे, त्यामुळे हरवलेली सुई आपोआप निरुपद्रवी होईल याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. तेव्हा रेडियमच्या रोग्याच्या खोलीतून केर, कपडे, उष्टे अन्न काहीही तपासल्याशिवाय बाहेर न्यायचे नाही, असा दंडक पडला.

मग ही मर्यादाच हळूहळू आकसत गेली. दिवसाला ०.२ रॉन्टजेन म्हणजे वर्षाच्या २५० कामाच्या दिवसांत ५०. आजच्या एककात ढोबळमानाने ५०० मिलिसिव्हर्ट. आज वर्षाची सरासरी मर्यादा आहे २० मिलिसिव्हर्ट. टाटा रुग्णालय सुरू झाले त्या काळी जगभर जे सुरक्षित मानले जात होते त्याच्या पंचविसावा हिस्सा आज सुरक्षित मानला जातो. वरच्या उदाहरणातील अर्ध्या मीटरवरच्या परिचारिकेचा आजच्या हिशेबाने वर्षाचा कोटा अवघ्या बारा तासांत संपेल.

अखेर तोड निघाली ती वेगळ्याच दिशेने. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आधी रिकामी नळी बसवायची आणि किरणोत्सारी पदार्थ मागून तिच्यात सोडायचा, ही पद्धत रूढ झाली. पुढे हे 'मागून सोडणे' दुसऱ्या खोलीतून यंत्राने होऊ लागले. रेडियमची जागा सीझियम, कोबाल्ट, इरिडियम यांनी घेतली. आता सुई रोग्याच्या शरीरात असते ती थोडी मिनिटे, आणि तेवढा वेळ परिचारिका भिंतीपलीकडे पडद्यावर त्याच्याकडे पाहत असते.

आपल्याकडे या सगळ्याला एक जोड मिळाली. टाटा मेमोरियल १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आले. रुग्णालय आणि अणुऊर्जा यांचा काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. संबंध वर आलाच आहे. ट्रॉम्बेला अप्सरा ही अणुभट्टी १९५६ मध्ये सुरू झाली होती; किरणोत्सारी समस्थानिके बनवणारे, मोजणारे आणि त्यांच्यापासून माणसाला जपणारे शास्त्रज्ञ याच खात्यात होते. किरणोपचार विभागातील परिचारिकेच्या छातीवर जो छोटा बिल्ला दिसतो तो याच परंपरेतला. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. किरणांची ऊर्जा त्या साठवून ठेवतात, आणि प्रयोगशाळेत तापवल्या की प्रकाशाच्या रूपाने परत देतात. त्या प्रकाशावरून बिल्ला लावणाऱ्याने किती किरण घेतले ते कळते. बिल्ला रक्षण करत नाही, फक्त हिशेब ठेवतो. हे नव्या परिचारिकेला पहिल्या दिवशीच सांगावे लागते, कारण अनेकींना ते ताईत वाटते.

किरणांचे शास्त्र असे स्थिरावत असतानाच दुसरे प्रकरण सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत येल येथे गिलमन आणि गुडमन हे दोघे युद्धातील विषारी वायूंवर काम करत होते. मस्टर्ड वायूच्या जातीचे एक रसायन लसिकाग्रंथी आणि पांढऱ्या पेशी वितळवते असे दिसल्यावर ऑगस्ट १९४२ मध्ये ते एका कर्करोग्याला शिरेतून देण्यात आले. युद्धामुळे ही गोष्ट १९४६ पर्यंत गुप्त राहिली. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या सोळा मुलांना अमिनोप्टेरिन दिले आणि त्यांतील दहांचा रोग काही काळ मागे हटला. हे औषध तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. मेहेरबाईंच्या मृत्यूला तेव्हा सतरा वर्षे झाली होती.

औषधे आली तशी परिचारिकेची भूमिका पालटली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कॅथरीन नेल्सन यांनी १९४७ मध्ये कर्करोग-शुश्रूषेचा स्वतंत्र पाठ्यक्रम सुरू केला. टेक्सासमधील एम. डी. अँडरसन रुग्णालयात १९५५ पासून परिचर्या विभागाच्या प्रमुख असलेल्या रेनिल्डा हिल्केमेयर यांनी ही औषधे शिरेतून देण्याचे काम परिचारिकांकडे आणले. तोवर ते डॉक्टरांचे मानले जाई. औषध कुपीतून ओढणे, सलाईनमध्ये मिसळणे, हवेचा बुडबुडा काढण्यासाठी सुईतून दोन थेंब उडवणे हे सगळे मग खाटेच्या कडेला, उघड्या हातांनी, पंख्याखाली होऊ लागले. त्यात काही वावगे आहे असे कोणालाही वाटले नाही. औषध म्हणजे औषध. ते रोग्यासाठी चांगले तर हाताला लागल्याने काय होणार!

१९७९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात फिनलंडमधून एक छोटे टिपण आले. कर्स्टी फाल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाची औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांची लघवी तपासली होती. ती तपासली जिवाणूंच्या साहाय्याने. या चाचणीमागची युक्ती सुंदर आहे. एखादे आवश्यक पोषकद्रव्य स्वतः बनवू न शकणारे, जनुकात खोट असलेले जिवाणू घ्यायचे. ते द्रव्य नसलेल्या माध्यमात ते वाढत नाहीत. पण जनुकात बदल घडवणारे काही त्यांच्यावर पडले, तर काहींची खोट योगायोगाने दुरुस्त होते आणि ते वाढू लागतात. वाढ जितकी जास्त, तितका तो पदार्थ जनुकांना धक्का लावणारा. ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत असा परिणाम इतरांपेक्षा जास्त आढळला. त्यांनी औषध घेतले नव्हते. ते त्यांच्यात शिरले होते, त्वचेतून आणि श्वासातून.

यात आश्चर्य वाटायला नको होते. ही औषधे कर्करोगाच्या पेशी मारतात ती बहुधा त्यांच्या डीएनएला इजा करून किंवा पेशीविभाजन रोखून. ती पेशी रोग्याची की परिचारिकेची हे औषधाला कळत नाही. पण हा विचार सुचायला औषधांच्या वापराला तीस-पस्तीस वर्षे व्हावी लागली. काही वर्षांतच अमेरिकेत औषधे मिसळणाऱ्या कर्मचाऱ्यांतही तसेच आढळले. गंमत अशी, की हे लोक काळजी घेत होते! ते हवेचा झोत सोडणाऱ्या कपाटात काम करत, पण तो झोत औषध जंतुविरहित राहावे म्हणून आतून बाहेर, थेट त्यांच्या तोंडावर येई. वरून खाली झोत सोडणारे कपाट आणल्यावर परिणाम ओसरला. कपाट तेच, फक्त वाऱ्याची दिशा बदलली. १९८६ मध्ये अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आज परिचारिका या औषधांसाठी खास हातमोजे आणि झगा घालते, औषध वेगळ्या कपाटात मिसळले जाते, सांडले तर त्यासाठी ठरलेली सामग्री असते, आणि रोग्याची लघवी-उलटी ४८ तास हातमोज्यांशिवाय हाताळायची नाही असे नातेवाइकांनाही सांगितले जाते. 'आमच्या आईचे करायला आम्हाला कसली किळस' असे म्हणून मुली हातमोजे बाजूला ठेवतात. किळसेचा इथे संबंध नाही, हे त्यांना समजावून सांगावे लागते.

रोग्याच्या बाजूनेही या औषधांचे ज्ञान असेच बारीक आहे. बाळकुमच्या गावठाणात घराघरांच्या पुढे सदाफुली दिसते. १९५८ मध्ये कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी या झाडातून व्हिनब्लास्टिन वेगळे केले. पाठोपाठ त्याचे भावंड व्हिनक्रिस्टिन आले. मधुमेहावर औषध मिळेल म्हणून शोध सुरू झाला होता, हाती आले ते पांढऱ्या पेशी कमी करणारे द्रव्य. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिनक्रिस्टिनने फार मोठे काम केले आहे. पण ते शिरेतूनच द्यावे लागते. शिरेबाहेर झिरपले तर तिथले मांस जळते. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषधही असेच जाळते. दोन्हींत रोग्याची तक्रार सारखीच, 'सिस्टर, इथे चुरचुरतंय.' दोन्हींत परिचारिकेने पहिल्यांदा औषध थांबवायचे. पुढचा उपाय मात्र उलटा आहे. डॉक्सोरुबिसिनसाठी बर्फ, म्हणजे औषध तिथल्या तिथे रोखले जाते; व्हिनक्रिस्टिनसाठी ऊबदार शेक, म्हणजे ते पसरून विरळ होते. सवयीने हाताला येईल तो शेक दिला तर नुकसान वाढते.

त्याहून भयंकर चूक दुसरी. रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना मेथोट्रेक्सेट हे औषध पाठीच्या मणक्यातूनही देतात. त्याच दिवशी, त्याच मुलाला व्हिनक्रिस्टिनही असेल आणि दोन्ही सारख्याच पिचकाऱ्यांत भरून ट्रेमध्ये शेजारी ठेवली असतील, तर अदलाबदल होऊ शकते. व्हिनक्रिस्टिन मणक्यात गेले तर रोगी बहुधा दगावतो. जगात निरनिराळ्या देशांत हे घडले आहे, चांगल्या रुग्णालयांत आणि शिकलेल्या माणसांच्या हातून. लेबलांवर ठळक इशारे छापून पाहिले, तरी ते घडले. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इशारा काढून सुचवले, की व्हिनक्रिस्टिन पिचकारीत भरूच नये, सलाईनच्या छोट्या पिशवीत विरळ करून द्यावे. पिशवी मणक्याच्या सुईला कोणी चुकूनही जोडणार नाही. 'अधिक लक्ष द्या' असे सांगण्यापेक्षा चूक करणेच अवघड करून ठेवणारा हा उपाय मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणा वाटतो.

वेदनेविषयीचे ज्ञान तर थेट परिचारिकांकडूनच वर गेले. लंडनच्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले, मग त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि पुढे डॉक्टर. सेंट ल्यूक्स या मरणासन्न रोग्यांच्या रुग्णालयात स्वयंसेवा करताना त्यांना दिसले, की तिथल्या परिचारिका मॉर्फिन रोग्याने कण्हण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे ठराविक तासांनी देतात. मॉर्फिनचा असर चारेक तास टिकतो. तो संपण्याआधी पुढची मात्रा दिली तर वेदना डोके वर काढत नाही, रोगी शुद्धीवर राहतो आणि एकूण औषधही कमी पुरते. साँडर्स यांनी या पद्धतीचा रीतसर अभ्यास केला आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस स्थापले. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना आश्रम १९८६ मध्ये सुरू झाला, देशातला या प्रकारचा पहिला. त्याच्या आदल्याच वर्षी अमली पदार्थांचा कडक कायदा आला होता. अफू पिकवणाऱ्या देशात त्यामुळे रुग्णालयांना मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले. कायद्यात त्या दृष्टीने दुरुस्ती झाली २०१४ मध्ये. मधल्या एकोणतीस वर्षांत किती घरांतून रात्रभर कण्हणे ऐकू आले असेल!

भारतीय परिचर्या परिषदेचा कर्करोग-शुश्रूषेचा एक वर्षाचा पदविका पाठ्यक्रम आहे. मूळ परिचर्या शिक्षण झाल्यानंतरचा. वर आलेले पुष्कळसे त्यात शिकवले जाते. पण बाळकुमसारख्या ठिकाणच्या रोग्याला त्याचा सर्वांत मोठा उपयोग कुठे होतो, हे शेवटी सांगायला हवे. तो होतो रुग्णालयाबाहेर.

कर्करोगाची बरीच औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना गाठतात. म्हणून केस गळतात, तोंड येते. आणि अस्थिमज्जेत नव्या पांढऱ्या पेशी बनणे मंदावते. रक्तातल्या जुन्या पांढऱ्या पेशी अल्पायुषी असल्याने औषध दिल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत त्यांची संख्या तळाला जाते. त्या वेळी रोगी घरी आलेला असतो. परळहून परतून आठवडा झालेला, थोडे जेवण जाऊ लागलेले, घरात जरा हायसे वाटत असते. आणि रात्री अंग गरम लागते. एरवी घरात काय करतात? पॅरासिटामॉलची गोळी देतात आणि सकाळपर्यंत पाहतात. या रोग्याच्या बाबतीत सकाळ उजाडेपर्यंत जंतू रक्तात पसरून रक्तदाब कोसळलेला असू शकतो. पांढऱ्या पेशीच नसल्याने पू होत नाही, सूज येत नाही, खोकल्यात बेडका पडत नाही. ताप हीच एकमेव खूण असते, आणि पॅरासिटामॉलने नेमकी तीच पुसली जाते.

म्हणून रोग्याला घरी सोडताना परिचारिका थर्मामीटर विकत घ्यायला लावते आणि तो वाचायला शिकवते. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, हा आकडा ती फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिते. त्याखाली औषधाची तारीख आणि सातव्या-चौदाव्या दिवसाच्या तारखा. हा आकडा दिसला तर गोळी न देता, वेळ रात्री दोनची असली तरी जवळच्या रुग्णालयात जायचे, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिले वाक्य हे सांगायचे, की अमुक तारखेला कर्करोगाचे औषध दिले आहे. प्रतिजैविकाची पहिली मात्रा तासाभरात जायला हवी असते. रोग्याला हे सांगून भागत नाही, कारण तापात तो ते बोलू शकेल असे नाही. म्हणून ती बरोबर आलेल्या सुनेला किंवा मुलाला समोर बसवते आणि तेच वाक्य त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेते.